हरणाच्या पोटातला घोडा

मृग नक्षत्र ओळखता येतं ना तुम्हाला? चार कोपऱ्यांवरचे चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय. मधोमध एका ओळीत बसलेले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात रुतलेला बाण. बाणाची ओळ तशीच पुढे नेली की लखलखणारा व्याध लागतो. बाण मारणारा शिकारी तोच. डिसेंबर ते मार्च या काळात आभाळ निरभ्र असेल, तर मुंबई-पुण्याच्या गच्चीवरूनही एवढं सहज दिसतं.

त्या तीन ताऱ्यांपैकी व्याधाच्या बाजूचा जो शेवटचा तारा, त्याचं नाव अल्निटाक. त्याच्या दक्षिणेला, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतक्या अंतरावर एक घोडा आहे. अख्खा घोडा नाही, नुसतं डोकं आणि मान. पण कपाळ, पुढे आलेलं तोंड, मानेचा बाक, सगळं ओळखू येतं. इंग्रजीत त्याला हॉर्सहेड नेब्युला म्हणतात. आपण त्याला घोडामुखी तेजोमेघ म्हणू या. खरं तर तो धुळीचा आणि थंड वायूचा ढग आहे, सुमारे तीन प्रकाशवर्षं उंचीचा! त्याच्या मागे हायड्रोजन वायूचा लाल पडदा उजळलेला आहे, आणि त्या उजेडावर धुळीची काळी आकृती उठून दिसते. हे सगळं आपल्यापासून साधारण १,३०० प्रकाशवर्षं दूर आहे. आज तिथून जो प्रकाश आपल्या गच्चीवर पडतो, तो निघाला तेव्हा वेरूळचं कैलास लेणं कोरायला सुरुवातही झाली नव्हती.

एवढा लांबचा प्रवास करून प्रकाश येतो, गच्चीवर पडतो, आणि आपल्याला काही म्हणजे काही दिसत नाही. का दिसत नाही आणि कसा दिसू शकतो, हीच आजची गोष्ट आहे. पण आधी तो घोडा पहिल्यांदा कुणाला सापडला ते सांगायलाच हवं.

विल्यमिना फ्लेमिंग नावाची एक बाई होती. १८५७ साली स्कॉटलंडमधल्या डंडी गावात जन्मलेली. लग्न करून ती अमेरिकेत बॉस्टनला आली, आणि थोड्याच दिवसांत नवऱ्याने तिला सोडून दिलं. ती गरोदर होती, हातात पैसे नव्हते. पोटासाठी तिने घरकामाची नोकरी धरली. ज्या घरी ती काम करायची, ते घर होतं एडवर्ड पिकरिंग यांचं, म्हणजे हार्वर्ड वेधशाळेच्या संचालकांचं. बाई हुशार आहे हे पिकरिंग यांच्या लक्षात आलं आणि १८८१ साली त्यांनी तिला वेधशाळेत कामाला घेतलं. तिथे आकाशाचे फोटो काचेच्या पट्ट्यांवर काढले जायचे. फ्लेमिंगबाई भिंग घेऊन त्या काचांवरचा ठिपका न् ठिपका तपासायच्या. १८८८ साली काढलेल्या अशाच एका काचेवर त्यांना अल्निटाकच्या खाली, उजळलेल्या भागात एक अर्धगोल खाच दिसली. त्यांनी ती नोंदवून ठेवली. तीच आपल्या घोड्याची पहिली नोंद! पण पुढे तेजोमेघांची मोठी यादी छापली गेली तेव्हा तिच्यात फ्लेमिंग यांचं नाव आलंच नाही. श्रेय पिकरिंग यांच्या नावावर गेलं. हा अन्याय होता, आणि तो दुरुस्त व्हायला बराच काळ लागला. फ्लेमिंग यांनी ३०० हून अधिक बदलत्या तेजाचे तारे आणि १० नवतारे शोधले. घोड्याचं चित्र कुठे पाहिलंत, तर आधी या बाईंचं नाव घ्या.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? घोडा सापडला तो काचेवरच्या फोटोत. दुर्बिणीला डोळा लावून तो कुणाला सापडला नव्हता. आजही नुसत्या डोळ्याने तो पाहायचा तर भली मोठी दुर्बीण लागते, गावापासून दूर काळंकुट्ट आकाश लागतं, खास फिल्टर लागतो, आणि एवढं सगळं जमवूनही अनुभवी आकाशनिरीक्षक कित्येकदा हात हलवत परत येतात.

दोष दुर्बिणीचा नाही. दोष, म्हणजे दोष तरी कसा म्हणायचा, मर्यादा आपल्या डोळ्याची आहे.

आपल्या दृष्टिपटलावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकुपेशी दिवसा काम करतात आणि रंग दाखवतात. रात्री त्या जवळपास सुट्टीवर जातात, आणि दंडपेशी कामाला लागतात. दंडपेशी विलक्षण संवेदनशील आहेत. पूर्ण अंधारात अर्धा तास बसलात, तर मोजक्या प्रकाशकणांचा क्षीण चमकाराही त्या टिपतात. पण त्यांना रंग कळत नाहीत, आणि लाल प्रकाश तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. निळसर हिरव्या प्रकाशाला, म्हणजे ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीला, त्या सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात. आणि तेजोमेघातला हायड्रोजन सगळ्यात जास्त चमकतो तो ६५६ नॅनोमीटरला, गडद लाल रंगात. तिथे दंडपेशींची संवेदनशीलता जवळजवळ दोन हजार पटींनी कमी झालेली असते.

म्हणजे बघा, हायड्रोजन हा विश्वातला सगळ्यात मुबलक वायू. गरम ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी त्याचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, पुन्हा अणूला चिकटतात, पायरीपायरीने खाली उतरतात, आणि तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना हा लाल प्रकाश देतात. आकाशात अशा लाल तेजोमेघांची रेलचेल आहे, आणि आपले रात्रीचे डोळे नेमके त्याच रंगाला आंधळे!

मग ज्याला लाल रंग दिसतो असं काहीतरी डोळ्यापुढे धरलं तर?

इथे थांबून एक प्रयोग करा. घरातला टीव्हीचा रिमोट घ्या आणि त्याच्या टोकाचा छोटा दिवा स्वतःकडे धरून बटण दाबा. काही दिसणार नाही. आता मोबाईलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून रिमोट त्याच्यासमोर धरा आणि पुन्हा बटण दाबा. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर तो दिवा जांभळट पांढरा लुकलुकताना दिसेल. लालच्याही पलीकडचा अवरक्त प्रकाश तुमच्या डोळ्याला दिसला नाही, पण यंत्राला दिसला.

आकाशनिरीक्षक दुर्बिणीला जे नाईट व्हिजन यंत्र जोडतात त्याचा पहिला गुण हाच: ते डोळ्यापेक्षा लाल प्रकाश फार चांगला पाहतं. दुसरा गुण असा की, जे दिसलं ते हजारो पटींनी उजळून दाखवतं. त्याच्या आत काय चालतं ते सांगते, कारण मला तो भाग सगळ्यात आवडतो.

यंत्राचं काळीज म्हणजे एक लहानशी नळी. आतली हवा पूर्ण काढून टाकलेली. नळीच्या दर्शनी काचेवर आतल्या बाजूने गॅलियम आर्सेनाइड या पदार्थाचा पातळ थर असतो. तेजोमेघाकडून आलेला प्रकाशकण या थरावर आपटला की थरातला एखादा इलेक्ट्रॉन सुटतो. प्रकाश असा कणाकणाने धडकतो आणि इलेक्ट्रॉन उडवतो, हे १९०५ साली आइनस्टाइनने समजावून सांगितलं होतं, आणि त्याचं नोबेल पारितोषिक मुख्यतः याच कामासाठी होतं.

सुटलेला इलेक्ट्रॉन विजेच्या दाबाने पुढे खेचला जातो. पुढे असते काचेची एक चकती, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ, आणि तिला आरपार लाखो सूक्ष्म भोकं. एकेका भोकाची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी! ही भोकं मुद्दाम जराशी तिरपी पाडलेली असतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनला सरळ निसटता येत नाही. तो भिंतीवर आपटतो आणि तिथून आणखी दोन-तीन इलेक्ट्रॉन उडवतो. तेही पुढे जाऊन आपटतात, आणखी उडवतात. मधल्या सुट्टीत एकाने दोघांच्या कानात सांगावं, 'उद्या शाळेला सुट्टी आहे रे,' आणि घंटा व्हायच्या आत ते अख्ख्या शाळेला कळावं, तसंच इथे होतं. एक इलेक्ट्रॉन भोकात शिरतो आणि दुसऱ्या टोकाने हजारो बाहेर पडतात. पुढे पाच-सहा हजार व्होल्टच्या दाबाखाली ते एका पडद्यावर आदळतात, आणि त्या पडद्यावरचं रसायन चमकून उठतं. बहुतेक यंत्रांत ही चमक हिरवी असते, कारण हिरव्या रंगातल्या छटा आपल्या डोळ्याला छान ओळखता येतात. अलीकडे पांढऱ्या पडद्याची यंत्रंही निघाली आहेत.

जिथून इलेक्ट्रॉन शिरला त्याच भोकातून त्याची फौज बाहेर पडते, म्हणून चित्र विस्कटत नाही. आणि या सगळ्या खटाटोपाला वीज किती लागते? घड्याळात घालतो तसला एक छोटा सेल! त्याच्या दीड व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारं सर्किट यंत्रातच बसवलेलं असतं.

हे यंत्र तारे बघायला बनलेलं नाही, हेही सांगायला हवं. ते सैनिकांसाठी बनलं. दुसऱ्या महायुद्धातल्या यंत्रांना स्वतःचा अवरक्त दिवा लागायचा. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी ताऱ्यांच्या उजेडावर चालणारी यंत्रं आली, तीन नळ्या एकामागे एक जोडलेली, लांबलचक आणि जड. सूक्ष्म भोकांची चकती आली आणि यंत्र मुठीत मावायला लागलं. मग आकाशवेड्या माणसांच्या मनात आलं, ताऱ्यांच्या उजेडावर शत्रू दिसतो, तर खुद्द तारे कसे दिसतील?

दुर्बिणीला हे यंत्र जोडतात ते दोन तऱ्हांनी. एक तर यंत्राचं पुढचं भिंग काढून यंत्रच नेत्रिकेच्या, म्हणजे ज्या भिंगाला आपण डोळा लावतो त्याच्या, जागी बसवायचं. नाहीतर दुर्बिणीची नेत्रिका तशीच ठेवून तिच्यामागे यंत्र लावायचं, म्हणजे आपण चंद्राचा फोटो काढताना मोबाईल लावतो त्या जागी. दुसऱ्या पद्धतीसाठी जोडणीचे भाग बाजारात आणण्यात टेलीव्ह्यू या अमेरिकन कंपनीचा मोठा वाटा आहे. तिचे संस्थापक अल नॅगलर हे भिंगं घडवणाऱ्यांमधलं मोठं नाव. चंद्रावर उतरायचा सराव अंतराळवीर जमिनीवरच्या नकली यानात करायचे. त्या यानाच्या खिडकीबाहेरचा देखावा दाखवणारी भिंगं तरुण नॅगलर यांनी आखली होती. पुढे त्यांनी दुर्बिणींसाठी रुंद देखावा दाखवणाऱ्या नेत्रिका बनवल्या. आयुष्यभर भिंगं सुधारण्यात घालवलेला हा माणूस म्हातारपणी नाईट व्हिजनच्या प्रेमात पडला आणि आकाशनिरीक्षणाच्या मेळाव्यांत लोकांना त्यातून तेजोमेघ दाखवू लागला.

आता जादूचा शेवटचा भाग, फिल्टर. नुसतं यंत्र शहरात आकाशाकडे धरलं तर काय होईल? रस्त्यावरचे दिवेही हजारो पटींनी उजळतील आणि सगळं आकाश हिरवंगार होऊन जाईल. म्हणून पुढे असा फिल्टर लावतात, जो फक्त ६५६ नॅनोमीटरच्या आजूबाजूची बारीकशी पट्टी आत सोडतो. शहराच्या दिव्यांचा प्रकाश अनेक रंगांत पसरलेला असतो, त्यामुळे त्याचा फार थोडा भाग या फटीतून येतो. हायड्रोजनचा लाल प्रकाश मात्र सगळाच्या सगळा याच फटीतला. दिव्यांचा झगमगाट बाहेर राहतो आणि तेजोमेघ आत येतो. आखूड नळीची, चित्र लहान पण उजळ पाडणारी दुर्बीण या कामाला सगळ्यात बरी. इथे आकार वाढवण्यापेक्षा उजेड एकवटणं महत्त्वाचं असतं.

अशी दुर्बीण अल्निटाककडे वळवली की शहराच्या कडेवरूनही घोडा दिसतो. तो अगदी फोटोसारखा दिसेल असं समजू नका. रंग नसतो, आणि चित्रभर बारीक ठिणग्या सतत नाचत असतात. काहीजणांना त्या ठिणग्यांचा त्रास होतो. मला वाटतं, पाहण्यासारखी गोष्ट तीच आहे. अंधूक भागात प्रकाशकण इतके विरळ येतात की त्यांनी सोडवलेल्या एकेका इलेक्ट्रॉनची चमक वेगळी दिसते. काही ठिणग्या यंत्राच्या स्वतःच्या असतात, बाकीच्या थेट तिकडून आलेल्या प्रकाशाच्या.

मृगाभोवती आणखी एक चमत्कार आहे, आणि त्याला दुर्बीणही लागत नाही. हरणाच्या पूर्वेच्या अंगाने हायड्रोजनची एक प्रचंड कमान वाकलेली आहे. बर्नार्ड नावाच्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात तिचे फोटो काढले म्हणून तिला बर्नार्डची कमान म्हणतात. अर्ध्या नक्षत्राला कवेत घेईल एवढी ती मोठी आहे. साध्या डोळ्यांनी ती बघितली म्हणणारा माणूस विरळाच. पण नाईट व्हिजनला फिल्टर लावून नुसतं वर पाहिलं, तर हरणाच्या अंगाभोवती ती वळलेली दिसते.

मग हे यंत्र सगळ्यासाठी उत्तम का? मुळीच नाही. चंद्र आणि ग्रह यातून पाहायचे नाहीत. ते मुळातच तेजस्वी आहेत, आणि फार प्रखर प्रकाशाने नळी खराब होऊ शकते. शनीची कडी साध्या नेत्रिकेतूनच देखणी दिसतात. (आणि सूर्याकडे कुठलीही दुर्बीण खास सौर फिल्टरशिवाय कधीही वळवायची नाही. हे शंभरदा सांगितलं तरी कमीच.) कृत्तिकांभोवतीचा निळा धूसरपणा यात उजळत नाही, कारण निळा रंग या नळीला फारसा दिसत नाही. दीर्घिका थोड्याफार बऱ्या दिसतात. गोलाकार तारकागुच्छ मात्र छान फुटून दिसतात, कारण त्यांतले बरेच तारे जुने आणि तांबूस असतात.

यावर आकाशनिरीक्षकांमध्ये एक वाद आहे. काहीजण म्हणतात, याला पाहणं म्हणायचंच नाही. तेजोमेघाचा प्रकाशकण पहिल्या थरावरच संपला, तुमच्या डोळ्यात शिरला तो पडद्याचा नवा प्रकाश. हे खरंच आहे. तरी मी याला पाहणंच म्हणेन. कॅमेरा मिनिटं नि तास प्रकाश साठवतो, संगणक चित्रावर चित्र रचतो, आणि मग आपण ते बघतो. इथे साठवण नाही. दुर्बीण हलवली की घोडा सरकतो, ढग आला की लगेच झाकला जातो. तिकडचा प्रकाश आला, चमकला, तुम्ही पाहिला, सगळं एकाच क्षणात.

तुमच्यातला कुणीतरी आता बाबांकडे हट्ट धरणार, हे मला माहीत आहे! तर ऐका. ही यंत्रं फार महाग असतात, आणि लष्करी महत्त्वाची असल्याने ती परदेशातून मागवण्यावर कडक बंधनं आहेत. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त 'नाईट व्हिजन' खेळण्यांत बहुतेक वेळा साधा कॅमेरा आणि अवरक्त दिवा असतो. त्या दिव्याचा उजेड अंगणातल्या मांजरापर्यंत पोचेल, तेजोमेघापर्यंत नाही. पैसे वाया घालवू नका. उष्णता दाखवणारे थर्मल कॅमेरे ही तर तिसरीच गोष्ट, त्यांनी तेजोमेघ दिसत नाहीत.

पण अभिमानाची एक गोष्ट सांगते. प्रकाश वाढवणाऱ्या या नळ्या आपल्या महाराष्ट्रातही बनतात. पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीच्या उपकंपनीचा कारखाना आहे. तिथल्या नळ्या आपल्या सैन्याच्या यंत्रांत बसतात. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी तिथे काम करेल, आणि कुणी सांगावं, आकाशनिरीक्षकांसाठी वेगळी नळी घडवेल.

तोपर्यंत साधी द्विनेत्री घ्या आणि बाणाच्या जरा दक्षिणेला पाहा. तिथे अंधूक, राखाडी हिरवट धुकं दिसेल. तो मृगातला मोठा तेजोमेघ, नव्या ताऱ्यांचं जन्मस्थान. तो इतका तेजस्वी आहे की आपल्या दंडपेशींनाही पुरतो. पुण्यात १९४४ पासून चालणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. त्यांच्या आकाशदर्शनाला मोठ्या माणसांबरोबर जा. विदर्भातल्यांना तर पेंच आहे. तिथल्या व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली.

आणि एक काम मात्र आजच करा. फिल्टर शहराच्या उजेडातून वाचवतो तो फक्त हायड्रोजनचा लाल प्रकाश. कृत्तिकांचं निळं धुकं, देवयानी दीर्घिकेचे हात, आकाशगंगेचा पट्टा यांना कुठलंही यंत्र दिव्यांच्या झगमगाटातून पूर्णपणे सोडवू शकत नाही. त्यांना अंधारच हवा. तुमच्या सोसायटीच्या किंवा शाळेच्या आवारातला एखादा दिवा वर आभाळात उजेड फेकतोय का ते बघा. असेल, तर त्यावर टोपी बसवून तो खाली वळवायला मोठ्यांना सांगा. रस्ताही नीट उजळेल आणि विजेचं बिलही वाढणार नाही.